ओले धान्य वर ठेवा

जुन्या नाशिकमध्ये, बडी दर्ग्याच्या मागे आमची गल्ली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे तुपाचे डबे येतात. चार वर्षांपासून हे तूप मालेगाव तालुक्यातून, माझ्या खालूंच्या घरून येते. सुरुवातीला फक्त आमचेच घर घेत होते. मग शेजारच्या भाभींनी खिचडीवर चमचाभर घेऊन पाहिले, त्यांच्या नणंदेने मागवले, आणि बघता बघता सतरा घरे झाली. डब्यावर छापील चिठ्ठी नसते. "सेंद्रिय आहे ना?" असे कोणी विचारले की मी सांगायची, "माझ्या खालूंचे आहे." एवढ्यावर भागत होते.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी खालूंचा फोन आला. "बेटी, या महिन्याचे डबे पाठवत नाही. तू एकदा इकडे ये. डोळ्यांनी बघ, मग तुझ्या लोकांना काय सांगायचे ते ठरवू."

फोनवर ते यापेक्षा जास्त बोलले नाहीत. आवाजात आजारपण नव्हते, पण ओझे होते. पुढच्याच शनिवारी फजरच्या नमाजनंतर मी आणि माझा नववीतला मुलगा घराबाहेर पडलो आणि ठक्कर बाजार स्थानकातून मालेगावची बस धरली.

द्राक्षांच्या वाटेने

नाशिक ते मालेगाव हे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर मुंबई-आग्रा महामार्गावरून जाते. आडगाव मागे पडले की ओझर आणि पिंपळगाव बसवंतपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा लागतात. ऑक्टोबर छाटणी नुकतीच झालेली होती. काड्यांवर पोपटी फुटवे आले होते आणि बागांतून फवारणीचे ट्रॅक्टर फिरत होते. पिंपळगावला टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग होती. नाशिकच्या माणसाला यात नवे काही नाही. पण त्या दिवशी खालूंचा फोन डोक्यात होता, त्यामुळे या बागा पाहताना एक जुनी गोष्ट आठवली.

२०१० सालच्या हंगामात आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. तिथल्या तपासणीत द्राक्षांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश सापडला. वेलीची शेंड्याकडची वाढ रोखण्यासाठी आपल्याकडचे बागायतदार ते वापरत असत. आपल्या बाजूच्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते, त्यामुळे माल तपासून, कागद जोडून, शिक्के मारून गेला होता. ज्यांनी सगळे नियम पाळले, तेही पोळले. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्या वर्षी ठरलेली लग्ने पुढे गेली, कर्जे थकली.

त्याही आधी, २००६ पासून, अपेडा या सरकारी निर्यात संस्थेने 'ग्रेपनेट' सुरू केले होते. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद असते, तिला क्रमांक असतो, आणि युरोपातल्या दुकानातली पेटी कोणत्या बागेतून आली हे मागे जाऊन शोधता येते. २०१० नंतर तपासणीची यादी वाढली, नमुने घेण्याची शिस्त वाढली आणि निर्यात पुन्हा उभी राहिली. सेंद्रिय मालासाठीही अपेडाने 'ट्रेसनेट' नावाची अशीच नोंदपद्धत आणली. माल बिघडू शकतो, हे नाशिकने मोठी किंमत देऊन मान्य केले होते. बिघाड कुठे झाला हे शोधण्याची सोय मात्र आधीपासून लागते. त्या वेळी मला वाटले होते की हे सगळे निर्यातदारांचे दुखणे आहे. आमच्या तुपाच्या डब्याशी याचा काय संबंध?

घाटाच्या पलीकडे

चांदवड गेले की जमीन बदलते. डोंगराच्या कुशीत रेणुकेचे देऊळ आणि अहिल्याबाईंचा रंगमहाल असलेले हे गाव मागे टाकून बस राहुड घाट उतरते. हवा कोरडी होते, द्राक्षे संपतात. रस्त्याच्या कडेला मक्याची कणसे वाळत घातलेली दिसतात. उमराणे, सौंदाणे करत मालेगाव जवळ येते तसा कांदा, डाळिंब आणि मधूनमधून पांढरा कापूस दिसू लागतो. मालेगाव, नांदगाव, येवला हा नाशिक जिल्ह्यातला कापसाचा पट्टा. खान्देश इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि लोकांच्या बोलण्यात अहिराणी डोकावते.

मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठी वसलेले मालेगाव वाचकांना यंत्रमागांसाठी ठाऊक आहे. स्थानकावर उतरलो तेव्हाही कुठल्यातरी गल्लीतून मागांची खटखट येत होती. तिथून रिक्षाने गिरणेच्या काठाने अर्धा तास गेल्यावर खालूंचे गाव येते.

आमचे खालू सहा एकरांचे शेतकरी. बाजरी, मूग, तूर, थोडा मका, दोन एकर कापूस, तीन म्हशी आणि दोन गायी. सात वर्षांपूर्वी त्यांनी रासायनिक खते बंद केली. गावातल्या आणखी सहा शेतकऱ्यांबरोबर गट करून केंद्र सरकारच्या पीजीएस पद्धतीत नाव नोंदवले. या पद्धतीत बाहेरचा तपासनीस नसतो. गटातले शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात आणि एकमेकांची हमी देतात. एकाने खोटे केले तर सातही जणांचे नाव जाते.

खालाने पाणी दिले. नेहमी दारातच मिठी मारणारी खाला त्या दिवशी गप्प होती. चहा होताच खालू म्हणाले, "चल, वावरात जाऊ."

दोन रेघा

कापूस वेचणीला आला होता. पहिली वेचणी होऊन दुसरी सुरू होती. पांढरी बोंडे उन्हात चमकत होती आणि माझ्या मुलाला वाटले की यात वाईट काय असेल! खालूंची धाकटी लेक कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनेच सगळे समजावून सांगितले.

"आपा, आपल्या देशात जनुक बदललेले एकच पीक लावायला परवानगी आहे, ते म्हणजे बीटी कापूस. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक त्यात घातलेले असते. त्यामुळे झाडच असे प्रथिन तयार करते की बोंडअळी पान खाल्ल्यावर मरते."

मार्च २००२ मध्ये केंद्राच्या समितीने पहिल्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. पण परवानगीच्या आधीच, २००१ मध्ये, गुजरातेत हजारो एकरांवर बेकायदा बीटी उभा असल्याचे उघड झाले होते. म्हणजे हे बियाणे या देशात कायद्याच्या आधी शेतात पोहोचले. आज देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटीच आहे. बीटी नसलेले बियाणे शोधणे हेच आता शेतकऱ्याला अवघड झाले आहे. सेंद्रिय शेतीच्या नियमांत मात्र जनुक बदललेले बियाणे पूर्ण वर्ज्य आहे.

खालूंनी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा 'सुरज' हा बीटी नसलेला सरळ वाण लावला होता. सरळ वाणाचा फायदा असा की त्याची सरकी घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येते. पाच वर्षे ते तेच करत होते. दरवर्षी जिनिंगमधून आपल्याच कापसाची सरकी परत आणायची, निवडायची आणि पेरायची.

या सप्टेंबरात लेकीने कॉलेजातून तपासणीच्या पट्ट्या आणल्या. शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पन्नास झाडांची पाने घेतली. पानाचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत पाण्यासारख्या द्रावणात कुटायचा आणि त्यात पट्टी उभी करायची. थोड्या वेळात एक रेघ उमटली तर पट्टी नीट चालते आहे एवढेच कळते. दुसरी रेघ उमटली तर पानात बीटीचे प्रथिन आहे.

"मला वाटले होते सगळ्यांना एकच रेघ येईल," ती म्हणाली. "चार झाडांना दोन आल्या."

ती चार झाडे बांधाजवळ नव्हती. शेतात इथे-तिथे विखुरलेली होती. म्हणजे मिसळ या वर्षीच्या वाऱ्यापाण्यातून झाली नव्हती, ती पेरलेल्या सरकीतूनच आली होती. सरकीत कशी आली, याच्या दोन वाटा संभवतात. शेजारच्या शेतात बीटी आहे. कापसाचे परागकण जड आणि चिकट असतात, वाऱ्याने फार लांब जात नाहीत, पण मधमाश्या आणि भुंगे ते पायांना लावून आणतात. आधीच्या वर्षी बांधालगतच्या ओळींतल्या काही फुलांवर असे पराग पडले असतील आणि त्या बोंडांतली सरकी बाकीच्या सरकीत मिसळली असेल. दुसरी वाट जिनिंगची. त्याच यंत्रातून आधी दुसऱ्याचा बीटी कापूस गेला असेल, तर त्याची सरकी खोबणींत अडकून राहते आणि पुढच्याच्या पोत्यात उतरते. यातली कोणती वाट खरी, हे आता कोणी सांगू शकत नाही. दोन्ही दारे उघडी होती एवढे खरे.

शेजारच्या बांधावर आप्पा उभे होते. त्यांची आणि खालूंची मैत्री दोघांच्या वडिलांपासूनची. आप्पांना हे सगळे कळले होते आणि थोडे लागलेही होते. ते म्हणाले, "मी दुकानातून पावतीने बियाणे घेतले. चोरबीटी नाही आणले. आता माझ्या फुलावरची माशी तुमच्या वावरात आली, तर मी काय तिला दावं बांधू?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. 'चोरबीटी' म्हणजे तणनाशक सहन करणारा, परवानगी नसलेला कापूस. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावी शेतकरी संघटनेने तो उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिले होते. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्यासाठी तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. आप्पांचा कापूस मात्र रीतसर होता. आपल्याकडे बांधापलीकडून पराग आला तर भरपाई कोणी द्यायची याची सोय नाही. ज्याला वेगळे राहायचे आहे, त्यानेच आपले अंतर राखायचे.

खालूंनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला कोण बोलतंय? मला फक्त एवढे सांग, पुढल्या वर्षी या बाजूला तुझ्या चार ओळी तुरीच्या लावशील का? मीही लावतो."

आप्पा म्हणाले, "चारच का, सहा लावतो."

गोठ्यातली पोती

मला वाटले प्रश्न इथे संपला. कापूस बिघडला हे वाईटच, पण तुपाचे डबे का थांबवले? खालू मला गोठ्यात घेऊन गेले. कोपऱ्यात सरकी पेंडेची पाच पोती रचून ठेवली होती.

"कापसाचे समजल्यावर लेकीने मला विचारले, अब्बा, म्हशींना काय घालता?"

घरची सरकी बियाण्यापुरती. म्हशींसाठीची पेंड मालेगावच्या बाजारातून येते. सरकी पेंडेने दूध दाट होते, फॅट लागते, हे नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही दूधवाल्याला पाठ आहे. देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी, तर बाजारातली पेंडही त्याच सरकीची. कापूस हे कापडाचे पीक म्हणून आपण त्याला ताटापासून दूर समजतो. पण सरकीचे तेल फरसाणात आणि वनस्पतीत जाते, पेंड जनावरांच्या पोटात जाते. देशातले जनुक बदललेले एकमेव पीक या मागच्या दाराने स्वयंपाकघरात केव्हाच आले आहे. सेंद्रिय दूधतुपाच्या नियमाप्रमाणे जनावरांचा चाराही सेंद्रिय हवा.

"चार झाडांसाठी मी महिनाभर झोपलो नाही," खालू म्हणाले, "आणि इकडे चार वर्षे पोतीच्या पोती आणत होतो. डोळ्यांसमोर होती, म्हणून दिसली नाहीत."

इथे एक गोष्ट साफ करायला हवी. हे तूप खाऊन कोणाला अपाय झाला असे कोणीही म्हटलेले नाही. बीटी पेंड खाल्लेल्या जनावरांच्या दुधात ते प्रथिन उतरल्याचे अभ्यासांत सहसा आढळत नाही, असे लेकीनेच सांगितले. जनुक बदललेली पिके चांगली की वाईट यावर देशात वाद आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्याला केंद्राने स्थगिती दिली, आणि मोहरीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते वेगवेगळी पडली. मी शास्त्रज्ञ नाही आणि मुफ्तीही नाही. भीती पसरवणे हा या लेखाचा हेतू नाही. आमच्यापुढचा प्रश्न साधा होता: जे सांगून आपण विकले, ते तसे होते का?

मगरिबनंतर

रात्री चुलीपाशी खालाचे मौन सुटले. "तूप तेच आहे, चव तीच आहे. कोणाचे पोट दुखले नाही. तपासले तरी तुपात काही सापडणार नाही, ही पोरगीच म्हणते. मग गल्लीभर बोभाटा कशाला? तुपाच्या पैशांवर हिची फी जाते."

खालाचे बोलणे कठोर नव्हते, हिशेबाचे होते. आणि ते ऐकून मलाही क्षणभर बरे वाटले, हे मी कबूल करते. सतरा घरांत जाऊन तोंड मलाच दाखवायचे होते.

लेक हळूच म्हणाली, "अम्मी, तुपात सापडणार नाही, म्हणूनच तर सांगावे लागेल. तेल किंवा तूप शुद्ध केले की त्यात प्रथिन जवळजवळ राहतच नाही. प्रयोगशाळेला कळणार नाही. आपल्यालाच ठाऊक आहे."

मग खालू बोलले. "मी बाजारापेक्षा किलोमागे दोनशे रुपये जास्त घेतो. ते दोनशे तुपाचे नाहीत. मी सांगितले ते खरे आहे, याचे आहेत."

त्यावर कोणी काही बोलले नाही. मला लहानपणी मदरशात ऐकलेला प्रसंग आठवला. आपल्या सर्वांनाच तो माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतून धान्य ओले लागले. विकणाऱ्याने सांगितले, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की ओले धान्य वर का नाही ठेवलेस, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही हे बजावले. मुलांना हा प्रसंग आपण फसवणुकीच्या संदर्भात सांगतो. पण त्या रात्री माझे लक्ष पावसाकडे गेले. पाऊस त्या माणसाने पाडला नव्हता. धान्य भिजणे हा त्याचा दोष धरला गेला नाही, आणि भिजलेले धान्य फेकून दे असेही त्याला सांगितले गेले नाही. ओले वर ठेव आणि मग विक, एवढेच सांगितले गेले.

माशीने आणलेला पराग हा आमचा पाऊस होता. पेंडेची पोती मात्र आमच्या हाताने आली होती, अजाणता का होईना. दोन्हींना उपाय एकच होता. कुरआनात 'हलाल'बरोबर 'तय्यब' म्हणजे स्वच्छ, निर्मळ असा शब्द येतो. आपण जबिहाविषयी किती काटेकोर असतो! तूप, डाळ, बाजरी घेता-विकताना बोललेल्या शब्दाविषयीही तेवढेच असायला हवे, असे मला त्या रात्री वाटले.

जगातही हेच घडते

ही एका शेताची गोष्ट वाटेल, पण तसे नाही. जानेवारी २०१० मध्ये एका जर्मन आर्थिक दैनिकाने बातमी दिली की एच अँड एम, सी अँड ए आणि चिबो या युरोपातल्या मोठ्या दुकानसाखळ्यांच्या सेंद्रिय कपड्यांसाठी भारतातून गेलेल्या कापसात बीटी मिसळलेला आहे. तिथल्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुखाने, तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांत असा अंश सापडल्याचे सांगितले. त्यानंतर सेंद्रिय कापसाच्या तपासणीची जगभर चर्चा झाली, आणि २०१९ मध्ये कापसातले जनुकीय मिश्रण कसे तपासायचे याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली.

२०२१ मध्ये तांदळाचे तसेच झाले. भारतातून गेलेल्या तुकडा तांदळाच्या पिठात जनुक बदललेला भात सापडल्याचा इशारा फ्रान्सकडून युरोपभर गेला आणि ते पीठ वापरलेल्या गोळ्या-चॉकलेटे काही देशांत परत मागवावी लागली. आपल्या सरकारने सांगितले की भारतात असा भात व्यापारासाठी पिकवलाच जात नाही. मिसळ शेतात झाली, गोदामात झाली की पलीकडच्या गिरणीत, यावर वाद राहिला. एकदा ढीग एक झाला की उलट शोधत जाणे किती कठीण, ते यातून दिसते.

म्हणून अनेक देशांनी अपघाती मिश्रणाला एक मर्यादा ठरवून दिली आहे. युरोपात जनुकीय अंश ०.९ टक्क्यापर्यंत असेल आणि तो टाळता न येण्यासारखा असेल, तर लेबलावर लिहिण्याची सक्ती नाही. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मार्च २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या २४ पिकांसाठी 'जनुक बदललेले नाही' असे प्रमाणपत्र सक्तीचे केले, त्यात एक टक्क्यापर्यंतच्या अपघाती अंशाची सूट आहे. कायदाही मानतो की एखादा दाणा चुकून येईल. माहीत असून तो लपवण्याला मात्र सूट नाही.

दुसऱ्या दिवशीची कामे

रविवारी सकाळी गटाचे सातही शेतकरी खालूंच्या ओसरीवर जमले. पट्ट्या सगळ्यांना दाखवल्या. एक जण म्हणाला, "तुम्ही सांगितले नसते तर आम्हाला कळलेही नसते." दुसऱ्याने लगेच विचारले, "माझ्या शेतात असेल का?" बैठकीत ठरले ते वाचकांपैकी जे शेतकरी आहेत त्यांच्यासाठी सांगते.

या वर्षीचा खालूंचा सगळा कापूस साधा म्हणून विकायचा, सेंद्रिय म्हणून नाही. त्याची सरकी बियाण्याला ठेवायची नाही. पुढच्या वर्षी खात्रीचे नवे बियाणे आणायचे आणि पेरण्याआधीच त्याचा नमुना तपासायचा, कारण पेरल्यावर कळून उपयोग नाही.

बांधालगत तूर आणि मक्याच्या दाट ओळी लावायच्या, म्हणजे माश्यांची सरळ वाट अडते. प्रमाणित कापूस बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून ३० मीटर अंतराचा नियम आहे. एवढी जागा लहान शेतकऱ्याकडे नसते, म्हणून शेजाऱ्याकडच्या ओळी वेगळ्या वेचायच्या आणि त्या सेंद्रिय मालात घालायच्याच नाहीत. एकाने देशी कापसाची आठवण काढली. आपला जुना देशी कापूस आणि बीटीचा अमेरिकन कापूस यांची गुणसूत्रे वेगळी, देशीत २६ आणि अमेरिकनमध्ये ५२, त्यामुळे त्यांचा शेतात सहसा संकर होत नाही. देशीचा धागा आखूड आणि भाव कमी, पण बियाण्याची राखण निसर्गच करतो. एक एकर तो लावून पाहायचे ठरले.

वेचणीला खताची जुनी पोती वापरायची नाहीत, कापडी गाठोडी वापरायची. टेम्पो झाडून घ्यायचा. सातही जणांचा कापूस एकत्र करून जिनिंगला एकाच दिवशी, यंत्र साफ केल्यावर न्यायचा, आणि पहिली निघालेली सरकी बाजूला टाकायची. प्रत्येकाच्या मालातला किलोभर नमुना तारीख घालून, तोंड शिवून ठेवायचा. नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी जे मोठ्या प्रमाणावर केले, तेच हे सात जण वहीपेन घेऊन करणार होते.

गोठ्यात सरकी पेंड बंद. त्याऐवजी घरची तूर-मुगाची चुणी, मक्याचा भरडा, आणि गटातल्याच शेतकऱ्याच्या भुईमुगाची पेंड. खाला म्हणाली, "दूध पातळ होईल." झालेही असेल. पण मापटे घेऊन भरडा मोजायला तीच पुढे आली.

सतरा घरे

येताना बसमध्ये माझ्या पिशवीत तुपाचे पाच डबे होते. ते जुन्या पेंडेवरचेच, पण खालूंनी प्रत्येकावर हाताने चिठ्ठी लिहून चिकटवली होती: 'म्हशींना बाजारातली सरकी पेंड होती. सेंद्रिय नाही. साधा भाव.' त्यांचे अक्षर मोठे आहे, लांबून वाचता येते.

घरी येऊन मी सतरा घरांत स्वतः गेले. फोनवर सांगणे सोपे होते, पण जमले नाही. तीन घरांनी तूप बंद केले. एका भाभींनी चार वर्षांचे जास्तीचे पैसे परत मागितले. खालूंना कळवले, ते म्हणाले, द्या. दोन हप्त्यांत दिले. दोघींनी विचारले, "हे सांगायला तू मालेगावला जाऊन आलीस?" आणि पाच डबे त्याच संध्याकाळी साध्या भावाने गेले.

जानेवारीत नव्या चाऱ्यावरचे पहिले तूप आले. खालूंनी त्यावर 'सेंद्रिय' लिहिलेले नाही. गटाने तपासून होकार दिल्याशिवाय तो शब्द लिहायचा नाही, असे त्यांनी ठरवले आहे. चिठ्ठीवर फक्त म्हशींनी काय खाल्ले ते लिहिले आहे: चुणी, भरडा, शेंगदाणा पेंड, कडबा. पैसे परत घेणाऱ्या भाभी ती चिठ्ठी वाचत बराच वेळ दारात उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "एक किलो ठेव. आणि चिठ्ठी काढू नकोस, माझ्या सुनेला दाखवायची आहे."